हरभरा पुन्हा फुटेपर्यंत

सगळ्यात आधी ठकूमावशीचं नाव घेतो. धावड्याच्या शिवारात मेंढरं राखणारी ही धनगरीण. तिनं मला वाट दाखवली, आपल्या भाकरीतली अर्धी दिली, आपलं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं, आणि ज्या दिवशी मला कुणाच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना, त्या दिवशी ती माझ्या बाजूनं उभी राहिली. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आपला बस्त्याव मराठवाड्यात जाऊन काहीतरी मोठं काम करून आला. तसं काही झालं नाही. मी गेलो, एक मोठा घोटाळा केला आणि आनंदानं परत आलो. एवढीच गोष्ट आहे.

आमचं घर वसईकडचं, मिठागरात राबणारं. वडिलांचे पाय मिठाच्या पाण्यानं कायमचे चिरले, तेव्हा पाचवीत असतानाच माझी शाळा सुटली. वाचायची गोडी मात्र सुटली नाही. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रपाठ वाचायला फादर मलाच उभा करत. त्यांनीच एक दिवस बोलावून सांगितलं, "धावड्याजवळ मिशनची लहान वस्ती आहे. तिथले मास्तर आजारी पडून जालन्याच्या दवाखान्यात आहेत. आगमनकाळ सुरू होतोय. तू जा, जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत प्रार्थना चालव, पाठ वाच, लोकांना समजावून सांग."

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. वाट बघायचे दिवस. एक वाट गोठ्यात जन्मणाऱ्या बाळाची, आणि दुसरी, त्याहून लांबची, देव ही सगळी सृष्टी नवी करणार त्या दिवसाची. मला वाचता येतं हे फादरना ठाऊक होतं. समजावून सांगता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि भीतीपोटी मीही बोललो नाही.

जालना

आगगाडीचा शीण सांगत बसत नाही. जालन्यात उतरलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती वाऱ्याची. आमच्याकडचा वारा ओला असतो, अंगाला चिकटतो. इथला वारा कोरडा. ओठ चाटले तर मिठाची चवच नाही! जन्मात पहिल्यांदा मला माझे ओठ फिके लागले.

निजामी जाऊन चारपाच वर्षं झाली होती, पण दुकानांच्या पाट्यांवर उर्दू अजून होती. एका मारवाडी शेठजींच्या दुकानात कानटोपी घ्यायला शिरलो. ते गिऱ्हाइकाशी मराठीत, मुलाशी मारवाडीत आणि हमालाशी उर्दूत, असं एकाच दमात बोलत होते.

"कुठले?" त्यांनी माझ्या पातळ सदऱ्याकडे बघून विचारलं.

"वसईचा. समुद्राकडचा. धावड्याच्या मिशनच्या वस्तीत मास्तर म्हणून चाललोय."

"समुद्र सोडून इकडं? आणि तेही धावड्याला, डोंगराच्या पायथ्याला? कानटोपीनं बिलकुल भागणार न्हाई, मास्तर. घोंगडी घ्या."

घोंगडी घेण्याइतकी ऐपत नव्हती. कानटोपी घातली, आईनं दिलेली छत्री काखोटीला मारली आणि मोटारीत बसलो. हिवाळ्यात छत्री कशाला, असं तुम्ही म्हणाल. आई म्हणाली होती, परमुलूख आहे, असू दे. त्या छत्रीनंच पुढे घात केला.

वाटेवर

धावडा आलं असं समजून मी आधीच्याच फाट्यावर उतरलो. मोटार निघून गेली. चहूकडे काळी जमीन, कमरेएवढी ज्वारी, लांबवर अजिंठ्याचा डोंगर, आणि माणूस कुठंच नाही. ऊन उतरत होतं. मी बांधावर उभा राहून मोठ्यानं स्तोत्र म्हणायला लागलो, म्हणजे कुणी असलं तर ऐकेल.

ऐकलं ते एका कुत्र्यानं. लांडग्यासारखं तांबूस, कान ताठ केलेलं कुत्रं ज्वारीच्या कडेच्या पायवाटेनं पुढे आलं, आणि त्याच्यामागून मेंढरं, आणि मेंढरांच्या मागून काठी टेकत एक उंच म्हातारी.

"लाल्या, सोड त्याला! भजनी माणूस हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे, "कुठं जायचं?"

मी मिशनच्या वस्तीचं नाव सांगितलं.

"ती तर मागं... न्हाई, पुढं ऱ्हायली. तुम्ही उतरलाच चुकून. चला, मी तिकडंच निघून राह्यले. आधी खा. तोंड बघा कसं झालंय."

बांधावर बसून तिनं ज्वारीची भाकरी मोडली, वर लसणाचा ठेचा ठेवला. आमच्याकडे तांदळाची मऊ रोटी. ही भाकरी दाताला काम देणारी, पण गोड. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि ठकूमावशी खूश झाली. बदल्यात काय द्यावं? आईनं धोतराच्या सोग्याला आमच्या मिठागरातलं खडेमीठ बांधून दिलं होतं. ते सोडलं. मावशीनं एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि उठून उरलेले खडे एका मरगळलेल्या मेंढीच्या तोंडाशी धरले. मेंढीनं तिचा तळवा चाटून चाटून पांढरा केला.

"मीठ मिळालं की जित्राब हुशार हुतं," ती म्हणाली. "आमाला दुकानातलं घ्यावं लागतं. हे तुमच्याकडं पिकतं व्हय?"

"शेतासारखंच. वाफे करून."

"ऐकलंस का लाल्या? यांच्याकडं मीठ पिकतं!"

पुढे वाटेत थंडी चढली तेव्हा तिनं आपलं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं. मेंढरांचा वास होता त्याला. मला तो वास अजून आवडतो.

पहिला रविवार

वस्तीत दहाबारा घरं आणि मातीचं प्रार्थनाघर. वस्तीचे वडीलधारे पौलस आबा, आणि त्यांची बायको मार्थाकाकू. माझी राहायची सोय त्यांच्याकडेच. मी प्रेमानं सुक्या बोंबलांचं पुडकं काकूंच्या हातात ठेवलं. काकूंनी ते हुंगलं, हात लांब केला आणि पुडकं परसातल्या लिंबाच्या झाडाला उंच टांगून दिलं. "मास्तर, तुमी झाडाखाली जेवलात तरी चालंल," म्हणाल्या.

प्रार्थनाघराच्या मागे हरभऱ्याचा एक तुकडा होता. तो मला आबांनी हाताला धरून दाखवला. ती जागा आधी निव्वळ दगडांची. वस्तीनं दोन उन्हाळे दगड वेचले. बांधाला त्यांचा ढीग अजून होता. गावातले लोक येता-जाता चिडवायचे, काय आबा, दगडाला घाटे लागले का? आणि आता तिथं गुडघ्यापर्यंत हिरवागार हरभरा, कळी धरायच्या बेतात.

"नाताळाला साऱ्या गावाला बोलावणं केलंय," आबा म्हणाले. "हितंच जाळ करायचा आन् हुळा खाऊ घालायचा."

हुळा म्हणजे हरभऱ्याचे हिरवे घाटे, दाणे भरलेल्या शेंगा, काटक्यांच्या जाळावर भाजून गरम गरम खायचे. बोलताना आबांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ते थकले होते, दात थोडेच उरले होते, पण या तुकड्यातला पहिला घाटा चावायला तेवढे पुरे, असं ते सगळ्यांना सांगत.

पहिल्या रविवारचा पाठ होता लांडगा आणि कोकरू शेजारी राहतील, कुणी कुणाला इजा करणार नाही, त्या दिवसाचा. मी वाचला. समजावून सांगायला तोंड उघडलं तर वाचलेलंच पुन्हा बाहेर पडलं. "म्हणजे... लांडगा आणि कोकरू... एकत्र राहतील," मी म्हणालो.

दाराबाहेरून आवाज आला, "हे लांडग्याला कुणी सांगून ठिवलंय का, मास्तर?"

ठकूमावशी होती. मेंढरं सावलीला बसवून दाराशी टेकली होती. लोक फिसकन हसले.

"ठके, प्रार्थना चालू हाय," आबा म्हणाले.

"मी कुठं बंद करून राह्यले? इचारते. गेल्या साली माझं कोकरू नेलं त्यानं. त्याला ठावं नसंल म्हणून म्हणते."

"तो दिवस अजून यायचाय, मावशी," मी म्हणालो.

"बराबर. मंग तवर कुत्रं ठिवते."

माझं प्रवचन तिथंच संपलं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं.

छत्री

आता घोटाळा. त्या मुलखात एक रीत आहे. पीक निघालेल्या शेतात धनगर आपला कळप मुक्कामाला बसवतात. चहूबाजूंनी जाळं लावतात, मेंढरं रात्रभर तिथं लेंड्या टाकतात, शेताला खत मिळतं, आणि शेतकरी धनगराला दाणे देतो. दोघांचंही भलं. आमच्या किनाऱ्यावर मेंढरू औषधालाही नाही, मग मेंढरं बसवतात हे मला कुठून कळणार? आम्हाला एवढंच ठाऊक की शेतात जनावर शिरलं की पीक गेलं.

दिवस मावळायच्या सुमाराला मी एकटाच फिरायला निघालो, तर प्रार्थनाघराच्या पलीकडे आबांच्या वेचणी सरलेल्या कपाशीच्या रानात मेंढरंच मेंढरं! आजूबाजूला कुणी नाही. मला वाटलं, आबांचं शेत गेलं. चांगुलपणा दाखवायची ही संधी आहे असंही वाटलं असेल. धावत गेलो, जाळ्याची खुंटी उपटली, वाट मोकळी केली, आणि मेंढरांनी बाहेर पडावं म्हणून आत शिरून "हाट! हाट!" करत छत्री फाडकन उघडली.

त्या मेंढरांनी जन्मात छत्री उघडताना पाहिली नसावी. सगळा कळप एकदम उसळला, मोकळ्या केलेल्या वाटेनं सुटला आणि बांध ओलांडून सरळ हरभऱ्यात घुसला. आणि घुसल्यावर त्यांची भीती गेली. विहिरीकडून लाल्या धावत आला आणि मेंढरं वळवायचं सोडून माझ्या मागे लागला. मी दगडांच्या ढिगावर चढलो, छत्री ढालीसारखी धरून.

"आरं माझ्या देवा!" ठकूमावशी विहिरीकडून घागर टाकून पळत आली. "छत्री मिट! आधी ती छत्री मिट!"

मी छत्री मिटली. लाल्या गप्प झाला. तिनं कळप बाहेर काढेपर्यंत दगडांतून उगवलेल्या त्या तुकड्यात बोटभर खुंट उरले होते. एका कोपऱ्यात चारदोन झाडं सुटली होती, तेवढीच.

वस्ती गोळा झाली. आबा बांधावर बसले. एक खुंट बोटांनी चाचपला. मग दुसरा. मला वाटलं, रागावले असते तर बरं. मी सांगितलं, "आबा, मी केलं हे. मला वाटलं मेंढरं शेत खाताहेत."

"आता खाल्लं," मार्थाकाकू म्हणाल्या.

कुणीतरी म्हणालं, मिशनच्या फादरला निरोप धाडा, दुसरा मास्तर पाठवा म्हणावं. तेव्हा ठकूमावशी मधे उभी राहिली.

"धाडा की! पन निरोपात हे बी लिवा, की ठकी कळप सोडून पाण्याला गेल्ती. अर्धी चूक माझी. आन् या पोराला बिनसमिंदराच्या मुलखात कुणी काय शिकिवलं? तुमी कुणी सांगितलं का, मेंढरं बसवत्यात म्हणून? तुमचंच रान राखाया गेल्तं ते, चोरी कराया न्हाई."

मग आबांकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "आबा, शेंडा खुडला तर हरभरा फुटतो. तुमाला मी काय सांगावं?"

"शेंडा खुडला तर फुटतो, ठके," आबा म्हणाले. "हे बुडापतुर आलंय. फुटंल, न्हाई बी फुटंल. वाट बघायची." ते माझ्याकडे बघून अर्धवट हसले. "तसंही तेच दिस चालू हायत ना, मास्तर?"

दुसरा रविवार

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी वाहायला लागलो. मिठागरातली कावड खांद्याला सवयीची होती. एवढं एक काम मला जमत होतं. विहिरीवरून हरभऱ्यात, हरभऱ्यावरून विहिरीवर. हळूहळू वस्तीतल्या बायकाही कळशा घेऊन यायला लागल्या. गावातले चिडवणारे बांधावर थांबायचे, आणि एकदोघं चिडवता चिडवता कळशी उचलायचे. ठकूमावशी सकाळी येऊन खुंटांवर नजर फिरवायची आणि मान हलवायची. अजून नाही.

रविवारी पाठ वाचला आणि पुन्हा समजावून सांगायची वेळ आली. सगळे माझ्याकडे बघत होते. काय बोलू? तेव्हा जे माझ्याकडे होतं तेच सांगितलं.

मी लहान असताना आमच्याकडे खाडीचा बांध फुटला होता. खारं पाणी भाताच्या शेतात शिरलं. उतरलं तेव्हा जमीन पांढरी पडली होती. गवताची काडी उगवेना. लोक म्हणाले, ही जमीन मेली, सोडा. वडिलांनी बांध पुन्हा घातला. आणि आई दर पावसाळा सरला की शेतात जायची, चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. अजून खारट. पुढच्या वर्षी पुन्हा. मी तिच्या पदराला धरून उभा असायचो. एका वर्षी तिनं माती जिभेवर ठेवली आणि थुंकली नाही. तशीच उभी राहिली. मग हसली.

"देव सृष्टी नवी करणार म्हणजे काय, ते मला तेवढंच कळतं," मी म्हणालो. "तो ही जमीन टाकून देऊन दुसरी आणणार नाही. हीच गोड करणार. फुटलेला बांध, दगड, लांडगा, सगळं ह्यातच. तोवर बांध घालायचा, आणि दर वर्षी जाऊन बघायचं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, पुन्हा फसलो. मग दाराशी ठकूमावशी म्हणाली, "तुझी आई माती खाती व्हय?"

"चाखते."

"असली बाई मला बघायची हाय," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं मला मास्तर म्हणायचं सोडलं. बस्त्या म्हणायला लागली.

तिसरा रविवार

तिसरा रविवार आनंदाचा मानतात. वाट अर्ध्याहून जास्त संपली, आता हसायला हरकत नाही, असा तो दिवस. सकाळी मी तोंड धूत होतो तेवढ्यात बांधावरून हाक आली, "बस्त्या! जल्दी ये! आबांना आण!"

आबांना हाताला धरून नेलं. मावशी उकिडवी बसली होती. खुंटाच्या बगलेतून, जिथं काल फक्त काळपट गाठ होती, तिथं हिरवा कोंब. एका खुंटाला एक नाही, दोन, तीन. शेजारच्या खुंटालाही. आम्ही तिघं गुडघ्यावर रांगत निघालो. इथंही! आणि इथं! आबांनी एक इवलं पान तोडून तोंडात टाकलं. हरभऱ्याच्या पानावर आंबट दव असतं. त्यांचा चेहरा आंबटला, मग उजळला.

"खारट हाय का, आबा?" मावशीनं विचारलं.

"न्हाई गं," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आंबट हाय. बराबर हाय."

त्या दिवशी मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. लोक हात पुसत शेतातूनच आत आले आणि असे गायले की लाल्या बाहेर विव्हळायला लागला.

नाताळ

नाताळाला जालन्याहून मिशनचे फादर आले. हरभरा दाट झाला होता, पहिल्याहून पसरट. पण घाटे कुठले? कोपऱ्यातल्या सुटलेल्या चार झाडांना तेवढी फुलं आणि थोडे घाटे होते. फुलं जांभळी, फादर आगमनकाळात घालतात त्या वस्त्राच्या रंगाची. फादरांनी नाताळाचं पांढरं वस्त्र घातलं, आणि शेत मात्र अजून आगमनकाळातच उभं होतं. मला ते फार आवडलं.

सारं गाव आलं. हुळा तर नाही, मग खायला काय? आबा बांधावर उभे राहिले. "घाटे होळीपतुर येतील, तवा पुन्हा या. आज ज्यानं त्यानं आपला शेंडा आपण खुडायचा. पन शेंडाच, बुड न्हाई! बस्त्याव मास्तरासारखं करू नका!"

हसण्याचा एकच गदारोळ झाला. चिडवणारे, न चिडवणारे, सगळे वाकून कोवळे शेंडे खुडायला लागले. मार्थाकाकूंनी कच्चा पाला, कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचं कूट कालवून घोळाणा केला, वर कच्चं तेल, बरोबर गरम भाकरी. मी पाच भाकरी खाल्ल्या असतील. गर्दीत कुणीतरी लिंबावरचे बोंबील काढून जाळावर भाजले, आणि ज्यांनी नाकं दाबली होती तेच मागून मागून खाऊ लागले. काकूंनीही एक खाल्ला, तोंड फिरवून. कोपऱ्यातल्या घाट्यांना आबांनी हात लावू दिला नाही. "हे बियाला ठिवायचे," म्हणाले.

प्रार्थनाघरात मी काटक्यांचा गोठा केला होता. थंडीनं कुडकुडणारं एक कोकरू ठकूमावशीनं आणून त्याच्याजवळ ठेवलं. थोड्या वेळानं बघतो तर लाल्या आत शिरून त्याला पोटाशी घेऊन झोपलेला, आणि कोकरू त्याच्या कानाशी तोंड लावून.

"बघ, बस्त्या," मावशी म्हणाली. "लांडगा न्हाई आला अजून. पन त्यानं चुलत भाऊ धाडलाय."

परत

तीन राजांचा सण झाला, मास्तर बरे होऊन आले, आणि मी निघालो. फाट्यापर्यंत ठकूमावशी आली, कळपासकट. घोंगडं मला नेऊ दे, असं मी म्हणालो नव्हतो, पण मोटार सुटताना तिनं ते खिडकीतून आत कोंबलं. "तुझ्या आईला सांग, माती चाखताना पाठीवर घे," म्हणाली.

त्या शेताचा हुळा मी खाल्लेला नाही. होळीला मी मिठागरात होतो. पण तो झाला, आबांनी पहिला घाटा चावला आणि दगडाला घाटे लागले का असं विचारणाऱ्यांनी पोटभर खाल्ला, हे मला इथं बसून दिसतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. यंदाचं पहिलं मीठ वाफ्यातून ओढलं तेव्हा त्यातलं एक पोतं भरून तिनं बाजूला ठेवलं आणि त्याचं तोंड स्वतः शिवलं. ठकूमावशी, ते तुझ्या मेंढरांचं आहे. आगमनकाळ लागला की मी ते खांद्यावर घेऊन येईन, आईलाही घेऊन येईन, आणि बरोबर त्याच फाट्यावर उतरेन जिथं तू मला भेटलीस. छत्री तेवढी घरी ठेवून येतो.